परवाना कुणी घ्यायचा?

मुंबई-पुण्याकडे घर भाड्याने घेताना जो करार होतो, त्याला लोक ‘लिव्ह अँड लायसन्स’ म्हणतात. त्यातले लायसन्स, म्हणजे परवाना, मिळतो तो राहणाऱ्याला. अनामत त्याने द्यावयाची, चौकशी होते ती त्याची, पोलिसांकडे माहिती जाते तीही त्याचीच. घर देणारा गृहस्थ कसा आहे, हे विचारण्याची आपल्याकडे रीत नाही. घर त्याचे आहे, एवढी त्याची ओळख पुरते.

हाच परवाना उलट बाजूने मागितला तर? इंग्लंडात तसे घडले आहे. वस्तीची दशा पाहून ठराविक भागापुरता असा नियम करण्याचा अधिकार 2004 च्या कायद्याने तेथील नगरपालिकांना दिला. त्या भागात घर भाड्याने द्यावयाचे, तर मालकाने आधी परवाना काढायचा. तो फार तर 5 वर्षे चालतो. मालक सचोटीचा आहे की नाही, हे पाहिले जाते. गॅसची दरवर्षी तपासणी, धूर होताच वाजणारी घंटा, भाड्याच्या अटी लेखी, असे काही नियम त्याने पाळायचे. पूर्व लंडनमधील न्यूहॅम विभागाने 1 जानेवारी 2013 पासून हा नियम आपल्या साऱ्या हद्दीला लावला. असे करणारा इंग्लंडातला तो पहिलाच विभाग.

यावर घरमालक म्हणेल, “घर माझे, कष्ट माझे, मग परवानगी दुसऱ्याची का?” हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. प्रत्येक घरमालक काही सावकार नसतो. जन्मभर काटकसर करून, म्हातारपणी आधार व्हावा म्हणून एखादी जागा घेतलेली साधी माणसेही त्यांत असतात. शिवाय परवान्याला फी पडते, आणि ती फिरून भाड्यातच मिसळण्याची भीती असते. सज्जन मालक रांगेत उभा राहून फी भरतो. ज्याच्यासाठी नियम केला, तो मात्र गुपचूप भाडे घेत राहतो. मग वाईट वागेल त्याच्याविरुद्ध भाडेकरूने तक्रार करावी आणि बाकीच्यांना सुखाने राहू द्यावे, हे बरे नव्हे काय?

वरवर पाहता हे न्यायाचे वाटते. परंतु तक्रार करायला काय लागते, याचा विचार करा. ओल आलेल्या भिंतीला टेकून ज्याचे मूल झोपते, त्याला तक्रारीचे कारण आहे. पण त्याला दुसरे घर नाही. इंग्लंडात 1988 च्या कायद्याने, मुदत संपल्यावर कारण न सांगता दोन महिन्यांच्या नोटिशीवर घर रिकामे करून मागण्याची सोय मालकाला मिळाली. ती काढून घेणारा कायदा व्हायला 2025 साल उजाडले. अशा स्थितीत तक्रार करणे म्हणजे आपले बिऱ्हाड पणाला लावणे. धैर्य हा मोठा गुण खराच. पण दुबळ्याने धैर्य दाखविल्यावाचून त्याला न्याय मिळणारच नसेल, तर दोष त्याच्या भित्रेपणाचा कसा म्हणावा? परवान्याचे खरे मर्म येथे आहे. तक्रारीची वाट न पाहता, ज्याच्या हाती किल्ली आहे त्यालाच तो आधी प्रश्न विचारतो.

प्रश्न कुणाला विचारला जातो, यावर किती अवलंबून असते, ते ग्लासगो शहराच्या इतिहासात दिसते. तेथे गरिबांच्या खोल्यांत दाटी फार. 1862 च्या कायद्याने लहान घरे मोजण्यात आली, माणशी 300 घनफूट जागेचा हिशेब झाला आणि आत किती माणसांनी राहावे, त्याचा आकडा लिहिलेली पत्र्याची पट्टी दाराला ठोकण्यात आली. मग रात्री-अपरात्री तपासनीस येऊन झोपलेली माणसे मोजीत. जास्तीची माणसे कपाटांत आणि छपरांवर लपत. हेतू आरोग्याचाच होता. पण दार ठोठावले गेले ते गरिबाचे. त्याच स्कॉटलंडात 2006 पासून घरमालकांना आपल्या नावाची नोंदणी करावी लागते. पत्र्याची पट्टी दारावरून मालकाच्या नावाकडे सरकायला सुमारे दीडशे वर्षे लागली!

अर्थात जुना धोका टळला असे नाही. बरीच माणसे मिळून राहतात अशा परवान्याच्या घरांत, इंग्लंडात 2018 पासून एका प्रौढाच्या झोपण्याच्या खोलीला निदान 6.51 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 70 चौरस फूट, जागा असावी लागते. नियम चांगला आहे. परंतु खोली लहान ठरली आणि माणूस रस्त्यावर आला, तर त्या मोजमापाचे त्याला काय सुख? खोली बंद करणाऱ्याने त्या माणसाला दुसरे छप्पर कुठले, याचे उत्तर देणेही आपले काम मानले पाहिजे. मोजपट्टी आणि माया, दोन्ही लागतात.

महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने असे एक पाऊल टाकले आहे. भाड्याचा करार लेखी करून त्याची नोंदणी करण्याची जबाबदारी त्याने मालकावर टाकली, आणि नोंदणी नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले. म्हणजे बलवंताला आधी विचारावे, हे तत्त्व आपल्यालाही परके नाही. फक्त आपली नोंदणी कागद पाहते. भिंत, नळ आणि विजेच्या तारा पाहत नाही.

‘घर पाहावे बांधून’ असे आपले वाडवडील म्हणत. बांधण्याचे कष्ट थोरच. पण भाड्याने दिलेल्या घरात दुसऱ्याचे आयुष्य वाढत असते. तेथे मुले परीक्षेचा अभ्यास करतात, आजारी माणसे बरी होतात. भिंती मालकाच्या असल्या, तरी आतली झोप राहणाऱ्याची. त्या झोपेची जबाबदारी घेण्याची तयारी मालकाने आधी बोलून दाखवावी, एवढेच परवाना मागतो. ते वाजवी आहे, असे मला वाटते.

यंदा भाड्याच्या बिऱ्हाडांतही पणत्या लागतील. तेथल्या भिंतीला ओल आहे का, तारा उघड्या आहेत का, हे पाहायला घरमालकाला कुठल्याही परवान्याची गरज नाही. फराळाला बोलावणे आले, तर जाताना एवढे पाहून यावे.