चौक शाबूत हवा

मुरबाडहून टोकावड्याकडे निघालं की सह्याद्रीची भिंत जवळ येत जाते आणि तिच्यात एक खाच दिसू लागते. ती नाणेघाटाची. शेजारी नानाचा अंगठा. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल याच खाचेतून वर चढायचा आणि जुन्नरमार्गे गोदाकाठच्या प्रतिष्ठानला, म्हणजे आजच्या पैठणला, पोचायचा. घाट चढून गेलं की सातवाहन राणी नागनिकेच्या ब्राह्मी लेखाचं लेणं लागतं आणि माथ्यावर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण.

मी या घाटाच्या पायथ्याशी वाढलो. लहानपणी प्रतिष्ठान मला ठाऊक नव्हतं. ठाऊक होता तो ‘चांदोबा’. वडील महिन्या-दोन महिन्यांनी कल्याणला जायचे. परतीच्या एसटीतून ते उतरले की त्यांच्या पिशवीतून अंकाचा कोपरा डोकावतोय का, हे मी आधी बघायचो. अंक हाती आला की थेट विक्रम-वेताळाचं पान. चित्रकार शंकर यांचं ते चित्र अजून डोळ्यांपुढे आहे: उपसलेली तलवार, खांद्यावर लोंबणारं प्रेत आणि त्या ओझ्याखालीही निश्चयाने चालणारा राजा. चांदोबा हे काही चौकटी-चौकटींचं कॉमिक्स नव्हतं. पण आम्हा पोरांना गोष्ट आधी त्या चित्रातून कळायची, मग अक्षरांतून.

१९८५ साली रामानंद सागर यांची ‘विक्रम और बेताल’ दूरदर्शनवर आली. आमच्या आळीत टीव्ही एकाच घरी. ओटीवर तो मांडायचे. पुढे पोरं, मागे बायामाणसं, आणि चित्र हललं की अँटेना फिरवायला कौलांवर चढणारा एक पोरगा. पडद्यावर अरुण गोविल यांचा विक्रम आला. त्याच्या पाठीवर बसून सज्जन यांचा पांढऱ्या केसांचा वेताळ खदाखदा हसला. तेवढ्यात माझी चुलत बहीण ताडकन उभी राहिली. “ह्यो खरा वेताळ नाय! वेताळ मेलेला असतो. ह्यो तर म्हातारा हाये!” मोठ्यांनी तिला दटावून खाली बसवलं. ती उठली, रडत घरी गेली, अंक घेऊन आली आणि चित्राचं पान उघडून टीव्हीशेजारी धरून उभी राहिली. बघा, काय खरं ते.

त्यानंतर चाळीस वर्षं मी हे भांडण ऐकत आलो आहे. कॉमिक्सवरून मालिका आली, कादंबरीवरून सिनेमा आला की वाचकांतलं कुणीतरी पान उघडून पडद्याशेजारी उभं राहतंच. त्या माणसाची टिंगल करणाऱ्यांच्या बाजूने मी कधीच नव्हतो. ज्याने गोष्टीवर जीव लावला, त्यालाच ती बदललेली दुखते. तरीही माझ्या बहिणीच्या हातातलं ते पान खरोखर ‘मूळ’ होतं का, हा प्रश्न मला सोडत नाही.

मालिका चांदोबावर बेतलेली नव्हतीच. तिने आधार घेतला होता सोमदेवाचा. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ रचला, त्यात वेताळाच्या पंचवीस कथा आहेत. तिथल्या राजाचं नाव त्रिविक्रमसेन, आणि त्याची राजधानी गोदावरीकाठचं प्रतिष्ठान. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. ज्या राजासाठी आम्ही कल्याणच्या एसटीची वाट बघायचो, त्याच्या नगरीला जाणारा रस्ता आमच्याच मागच्या डोंगरातून वर चढत होता.

बरं, सोमदेव तरी मूळ का? तो स्वतःच सांगतो की आपण गुणाढ्याच्या ‘बृहत्कथे’वरून सांगतो आहोत. त्या गुणाढ्याची हकिगतही प्रतिष्ठानचीच. त्याने सात लाख श्लोकांचा ग्रंथ पैशाची भाषेत, स्वतःच्या रक्ताने लिहिला. असल्या भाषेतला ग्रंथ नको, म्हणून सातवाहन राजाने तो परत पाठवला. तेव्हा गुणाढ्य एका टेकडीवर बसला, समोर आग पेटवली आणि एकेक पान रानातल्या जनावरांना वाचून दाखवत आगीत टाकू लागला. जनावरं चरायचं विसरली, डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिली. इकडे राजाच्या ताटात रोडावलेल्या जनावरांचं मांस येऊ लागलं, म्हणून चौकशी झाली. राजा धावत आला तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. उरलेला एक लाख तेवढा वाचला. आज तोही उपलब्ध नाही. आपल्याकडे आहेत ती फक्त पुढच्यांनी केलेली रूपांतरं. मूळ म्हणून बोट ठेवायला जावं तर बोटाला राख लागते.

चांदोबानेही वाट सोडलीच होती. १९४७ साली तेलुगू-तमिळमध्ये निघालेलं हे मासिक १९५२ साली मराठीत आलं, आणि पंचवीस कथा कधीच संपल्या तरी दर महिन्याला नवा वेताळ बोलत राहिला. सोमदेवाच्या गोष्टीला शेवट आहे. चांदोबात शेवट आलाच नाही. राजाचं मौन दर महिन्याला मोडलं आणि वेताळ दर महिन्याला झाडावर परतला. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण आम्ही गोष्टीला तिथेच पहिल्यांदा भेटलो होतो. ज्याला जी गोष्ट जिथे पहिल्यांदा भेटते, ते त्याचं मूळ.

मग काहीही बदललं तरी चालतं का? याचं उत्तर मला पुस्तकात मिळालं नाही. शहापूर तालुक्यातल्या एका वारली पाड्यावर लग्नाला गेलो होतो, तिथे मिळालं. गेरूने रंगवलेल्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहीत होत्या. चौकाच्या आत पालघट देवी. बाहेर झाडं, तारपा वाजवणारा, नाचणाऱ्यांचा फेर. एका तरुण मुलीने कोपऱ्यात मोटारसायकल काढली. कुणी हरकत घेतली नाही, उलट एका पोराने चाक मोठं काढायला सांगितलं. पण चौकाच्या एका बाजूची नक्षी बोटभर अर्धवट राहिली होती. ती एका म्हातारीच्या नजरेला आली. तिने मुलीच्या हातातून काडी मागून घेतली, भिंतीशी वाकली आणि थरथरत्या हाताने ती जागा भरली. चौकाशिवाय लग्न लागत नाही. चौकाबाहेर मात्र ज्याचा त्याचा हात मोकळा.

तेव्हापासून मी रूपांतराकडे याच नजरेने बघतो. गोष्टीचा चौक कोणता आणि तो शाबूत आहे का, एवढंच विचारतो.

विक्रम-वेताळाचा चौक म्हणजे राजापुढचा पेच. उत्तर ठाऊक असून गप्प बसशील तर डोक्याची शकलं होतील, बोलशील तर हाती आलेला वेताळ निसटेल. जाणत्या माणसाला गप्प राहायची मुभा नाही आणि बोलण्याची किंमत त्याने स्वतः मोजायची. वेताळ प्रेत असो की पांढऱ्या केसांचा म्हातारा, तो मराठी बोलो की हिंदी, हा पेच सागरांच्या मालिकेत जसाच्या तसा होता. म्हणून ती खरी होती. बहीण चौकाबाहेरच्या चित्रासाठी रडली होती.

परदेशातलं उदाहरण घ्या. मार्व्हलच्या कॉमिक्समधला हल्क १९६२चा. तिथे ब्रूस बॅनर एका पोराचा जीव वाचवताना गॅमा बॉम्बच्या माऱ्यात सापडतो. १९७७ साली तो अमेरिकन टीव्हीवर आला तेव्हा त्याचं नाव डेव्हिड झालं, बॉम्ब गेला; बायकोला वाचवता आलं नाही म्हणून झुरणारा हा शास्त्रज्ञ स्वतःच्याच शरीरावर प्रयोग करतो. एवढं बदलूनही आपल्याच रागाला भिणारा माणूस तिथे शिल्लक होता. लोकांनी त्याला आपला मानलं.

आपल्याकडे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे २०१७ साली सिनेमात आला. फुरसुंगीचा शाळकरी बनेश तिथे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला आलेला तरुण झाला होता. थिएटरात शिरताना मी मनातून रागावलेलाच होतो. पण वावगं दिसल्यावर बन्याला स्वस्थ बसवत नाही, हा त्याचा चौक. तो अमेय वाघच्या फेणेत मला सापडला आणि राग गेला.

‘चिंटू’चं कोडं अवघड आहे. १९९१पासून ‘सकाळ’मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा हा मुलगा तीन-चार चौकटींत एक खोडी करायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरी पाटी. तो मोठा होत नाही, त्याच्या कालच्या दिवसाचं ओझं आजच्या दिवसावर नसतं, हाच त्याचा चौक. सिनेमाला मात्र आरंभ-शेवट असलेली सलग गोष्ट लागते. २०१२ साली चिंटू पडद्यावर आला तेव्हा हीच ओढाताण मला जाणवली. अशा ठिकाणी दिग्दर्शकाच्या निष्ठेवर संशय घेऊ नये. माध्यमच चौकाच्या आड येतं.

चौक पुसला गेला म्हणजे काय होतं, तेही मी पाहिलं आहे. गेल्या पावसाळ्यात माझी बारा वर्षांची पुतणी मोबाइलवर विक्रम-वेताळाची एक चित्रफीत बघत होती. रंग झगझगीत, वेताळ हुबेहूब चांदोबासारखा. माझी बहीण खूश झाली असती. पण त्यात प्रश्नच नव्हता. राजाने तलवार काढली, भूत हरलं, संपलं. सगळं चित्र जागच्या जागी आणि चौक कोरा. त्या मुलीला भूत मिळालं, गोष्ट मिळाली नाही.

रात्री लाइट गेली तेव्हा मी तिला सोमदेवाचा शेवटचा प्रश्न सांगितला. एका राजाला आणि राजपुत्राला रानात दोन स्त्रियांची पावलं दिसतात. मोठ्या पावलांची बापाने करायची, लहान पावलांची मुलाने, असं दोघं ठरवतात. शोध लागतो तेव्हा कळतं की मोठी पावलं मुलीची होती आणि लहान आईची. दिलेला शब्द पाळून बाप मुलीशी आणि मुलगा आईशी लग्न करतो. पुढे दोघांना मुलं होतात. त्या मुलांचं एकमेकांशी नातं काय?

“थांबा काका, सांगू नका,” म्हणत तिने खडू आणला आणि कंदिलाच्या उजेडात लादीवर रेघा ओढायला घेतल्या. मामा म्हणावं तर पुतण्या होतो, आत्या म्हणावं तर भाची. एक रेघ पुसायची, दुसरी ओढायची. शेवटी खडू हातात तसाच राहिला. ती काही बोलली नाही.

सोमदेवाचा राजाही इथेच गप्प राहतो, कारण त्यालाही उत्तर ठाऊक नसतं. त्या मौनावर वेताळ प्रसन्न होतो आणि राजाला प्रेत आणायला पाठवणाऱ्या कपटी भिक्षूपासून त्याचा जीव वाचवतो.

बाहेर पाऊस पडत होता. ती रेघांकडे बघत बसली होती. त्या रात्री वेताळ झाडावर परतला नाही.