नावापलीकडचे स्मरण

भाद्रपद वद्य पक्षातील महालय श्राद्धात पित्याकडील तीन पिढ्यांबरोबरच काका, आत्या, मामा, मावशी, गुरू व आप्तेष्ट यांचाही नामोच्चार होतो. केवढे हे मनाचे मोठेपण! परंतु नाव उच्चारले म्हणजे ती व्यक्ती स्मरली काय? नाशिक-त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत कुळाच्या कित्येक पिढ्यांची नावे सापडतात. स्वभाव सापडत नाही. गतवर्षी एका वयस्कर भाविकांनी आपल्या निपुत्रिक आत्याच्या नावे अन्नदानाची पावती केली. तिच्याविषयी सहज विचारले असता ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, "आत्या सर्वांच्या शेवटी जेवायची. पोळी उरली तर पोळी." पावतीवर एवढे लिहिण्यास रकाना नसतो. आम्ही ते मागील बाजूस लिहून दिले.