टाकी, वायसर आणि ‘बघू’



गेल्या एप्रिल महिन्यात आमच्या धर्मगुरुनिवासातल्या संडासाची फ्लशची टाकी गळू लागली. हा विषय रविवारच्या पत्रकात लिहिण्याजोगा नाही, असे कुणाला वाटेल. आम्हालाही तो लक्ष देण्याजोगा वाटला नाही, आणि म्हणूनच ती गळती तीन आठवडे चालू राहिली.

गळती मोठी नव्हती. रात्री दिवे मालवल्यावर भिंतीपलीकडून बारीक आवाज येई आणि भांड्याच्या मागच्या बाजूने सुतासारखी धार उतरताना दिसे. आमच्याकडे स्वयंपाक व साफसफाई पाहणाऱ्या मावशींनी पहिल्याच आठवड्यात सांगितले, “फादर, वरची टाकी लवकर संपते. मोटर दोनदा लावावी लागते.” आम्ही म्हणालो, “बघू.” काही दिवसांनी त्यांनी पुन्हा सांगितले, तेव्हाही आम्ही ‘बघू’च म्हणालो. तिसऱ्यांदा त्यांनी सांगितले नाही.

मग एके सकाळी मावशी तासभर उशिरा आल्या. त्यांच्या पाड्यावरची विहीर खाली गेली होती, टँकर आला होता आणि त्या रांगेत उभ्या होत्या. जव्हार-मोखाड्यात पावसाळ्यात छत्री टिकत नाही आणि उन्हाळ्यात हंडा भरत नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको. काळ्या खडकावरून आणि उतारावरून सारे पाणी वाहून जाते. मावशी आल्या, पदराने तोंड पुसले आणि काही न बोलता आमची मोटर लावायला गेल्या. त्या वेळी आम्ही संडासाशेजारच्या खोलीत प्रवचनाची टिपणे काढत होतो. आवाज ऐकू येत होता.

त्या दिवशी झाकण उघडले. टाकीत पाणी वरच्या नळीच्या तोंडापर्यंत चढत नव्हते, म्हणजे बॉल कॉक ठीक होता. कपड्यांच्या निळीचे चार थेंब पाण्यात टाकले आणि अर्धा तास फ्लश ओढला नाही. भांड्यात निळे पाणी उतरले, म्हणजे दोष तळाच्या वायसरचा. मग अँगल कॉक बंद करून घड्याळ लावले. दहा लिटरची टाकी चाळीस मिनिटांत रिकामी झाली. तासाला पंधरा लिटर, दिवसाला ३६० लिटर. (टाकी भरलेली असताना दाब जास्त असतो, तेव्हा प्रत्यक्षात थोडे अधिकच.) २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसाला रोज ५५ लिटर पाणी मिळावे असे ठरवले आहे. म्हणजे साडेसहा माणसांचे पाणी. हंडा पंधरा लिटरचा धरला तर चोवीस हंडे. डोक्यावर दोन हंडे घेतले तरी बारा खेपा. तीन आठवड्यांचा गुणाकार आम्ही केला, तो इथे लिहीत नाही.

दुरुस्ती सोपी निघाली. अँगल कॉक बंद करून टाकी रिकामी केली. फ्लशचा व्हॉल्व्ह थोडा फिरवून उचलला की बाहेर येतो. त्याच्या तळाशी रबराची चकती असते. वर्षानुवर्षे पाण्यात राहून रबर कडक होते, त्यावर क्षार साठतात, कड झिजते, आणि मग चकती नीट बसत नाही. मापे वेगवेगळी असतात म्हणून जुनी चकती खिशात घालून बाजारात गेलो. चाळीस रुपये लागले. बसण्याची जागा जुन्या टूथब्रशने घासली आणि नवी चकती बसवली. वीस मिनिटांत काम झाले.

जाता जाता एक गोष्ट. जुन्या बंगल्यांत उंचावर बसवलेली, साखळी ओढायची लोखंडी टाकी काहींनी पाहिली असेल. तिच्या तळाला असा वायसरच नसे. साखळी ओढली की पाणी वाकड्या नळीतून वर चढून पलीकडे उतरे. इंग्लंडात अशा टाकीला ‘पाण्याची नासाडी रोखणारी’ अशा अर्थाचे नाव होते आणि तिथल्या नियमांनी खालून उघडणारा व्हॉल्व्ह २००१ पर्यंत घरांत बसू दिला नाही, कारण तो आज ना उद्या गुपचूप गळणार. जुन्या टाकीला मालकाच्या दक्षतेची गरज कमी होती. आपल्या टाकीला आहे.

आता मूळ प्रश्न. आम्ही नेमके काय चुकलो? आमच्या वतीने असे म्हणता येईल की बोअरिंग आमचे, विजेचे बिल आम्ही भरतो, आणि गळती थांबली म्हणून मावशींच्या विहिरीत एक तांब्याही वाढणार नव्हता. यातले शेवटचे बहुधा खरे आहे. पण हाच हिशेब मुंबईने मांडला तर आपल्याला चालत नाही. मोखाडा तालुक्यातल्या मध्य वैतरणा धरणाचे पाणी २०१४ पासून मुंबईला जाते, आणि धरणाच्या उशाशी राहून आमच्या बाया हंडे वाहतात, हे आम्ही सभांतून तावातावाने बोललो आहोत. ते बोलणे चूक नव्हते. फक्त शंभर किलोमीटरवरच्या शहराचे नळ आम्हाला ऐकू येत होते, भिंतीपलीकडचा नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी निष्काळजीपणाचा विचार विवेकाच्या प्रकरणात केला आहे. संत इसिदोर यांचा आधार घेऊन ते सांगतात की निष्काळजी माणसासाठी असलेला लॅटिन शब्द ‘न निवडणारा’ या अर्थाचा आहे. सेमिनरीत आम्ही यावर वाद घालत असू. पाप होण्यासाठी इच्छा लागते. ज्याने काही निवडलेच नाही त्याने काय इच्छिले? उत्तर पुस्तकात होते, पण आम्हाला ते ‘बघू’ या शब्दात सापडले. ‘बघू’ म्हणणाऱ्याला वाटते, आपण निर्णय पुढे ढकलला. ऐकणाऱ्याला कळते की निर्णय झाला. म्हणून मावशींनी तिसऱ्यांदा सांगितले नाही.

शिवाय हा शब्द कोण कुणाला म्हणू शकतो तेही पाहा. आम्ही चहा मागितला तर मावशी ‘बघू’ म्हणत नाहीत. सासू सुनेला म्हणते, कचेरीतला साहेब दाखल्यासाठी आलेल्या म्हाताऱ्याला म्हणतो, फादर धर्मग्रामस्थांना म्हणतात. पाण्यासारखाच हा शब्दही वरून खाली वाहतो. ज्याचे काम अडते त्याला तो परत देता येत नाही.

प्रत्येक ‘बघू’ वाईट असतो असे आमचे म्हणणे नाही. मुलीच्या स्थळाबद्दल, भावाभावांच्या बांधाच्या भांडणाबद्दल थांबावेच लागते. नळाच्या प्रत्येक थेंबासाठी कुणी पापनिवेदनाला येऊ नये. अतिसंकोची मनही आजारीच असते. अक्वायनस दक्षतेचे नाते प्रेमाशी जोडतात: जिथे जीव गुंततो तिथे माणूस आपोआप लक्ष ठेवतो. आमच्या मोबाईलची बॅटरी उतरली तर आम्ही कधी ‘बघू’ म्हणालेलो नाही.

टाकी दुरुस्त झाल्याचे मावशींना सांगितले. त्यांनी मान हलवली, भांडी घासायला घेतली आणि थोड्या वेळाने पाठमोऱ्याच म्हणाल्या, “आवारातल्या नळाचाही वायसर गेलाय, फादर. दिवाळीपासून.”

इतके दिवस सांगितले का नाही, असे विचारणार होतो. विचारले नाही. दुकानदाराने दिलेल्या पिशवीत एक वायसर जास्तीचा होता, पण तो त्या नळाच्या मापाचा नव्हता. दुसऱ्या दिवशी मिस्सा झाल्यावर पुन्हा बाजारात गेलो.