एका नावाखाली दोन साप

२०१६ साली सह्याद्रीतल्या एका सापाला नवीन नाव मिळालं: मेलानोफिडियम खैरेई. हे नाव पुण्याच्या नीलिमकुमार खैरे यांच्यावरून ठेवलेलं आहे. १९८० साली ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास राहिलेले तेच खैरे. हा साप मात्र बिनविषारी आहे. अंग काळं, उजेड पडला की त्यावर इंद्रधनुष्यासारखी झाक दिसते. बहुतेक आयुष्य जमिनीखाली जातं, त्यामुळे सहसा कुणाला दिसतही नाही.

पण खरं सांगायचं तर हा साप नव्यानं 'सापडला' नव्हता. दक्षिण महाराष्ट्र, गोवा आणि उत्तर कर्नाटकातले हे साप अभ्यासकांना माहीत होते, फक्त दुसऱ्याच्या नावावर. १८७१ साली बेडम या ब्रिटिश वनाधिकाऱ्यानं मेलानोफिडियम पंक्टॅटम ही प्रजाती नोंदवली आणि उत्तरेकडचे हे सापही त्याच नावात धरले गेले. गोवर, गिरी, कॅप्टन आणि विल्किन्सन या चार अभ्यासकांनी नमुने पुन्हा तपासले आणि दाखवून दिलं, की एका नावाखाली दोन प्रजाती आहेत. म्हणजे जवळपास दीडशे वर्षांचा गोंधळ.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे दोन माणसांच्या नोंदी एकाच आयडीखाली गेल्या तर सिस्टिम बंद पडत नाही. एररही येत नाही. सगळं सुरळीत चाललेलं दिसतं आणि दोघांपैकी एक माणूस हिशेबातून गायब झालेला असतो.

सापांच्या बाबतीत हे जास्त महागात पडतं. धोक्यात कोण आहे, हे प्रजातीनिहाय ठरतं. दोन साप एकाच नावाखाली असले, की नकाशावर त्या नावाचा प्रदेश मोठा दिसतो. उत्तरेतलं जंगल तुटलं तरी 'दक्षिणेत आहेत की' असं म्हणता येतं. वेगळं केल्यावर कळतं, की प्रत्येकाचं घर आपण समजत होतो त्याहून लहान आहे.

यावर एक रास्त शंका घेता येते. ही रेघ निसर्गात आहे, की आपण मारली? साप काही स्वतःला पंक्टॅटम किंवा खैरेई म्हणवून घेत नाही. एक प्रजाती कुठे संपते यावर अभ्यासकांतही वाद होतात. मला वाटतं, प्रजातीचं नाव हा निकाल नसतो, तो एक दावा असतो. पोटाखालचे खवले मोजून, दात पाहून, जनुकं ताडून केलेला. दावा असल्यामुळेच तो खोडता येतो.

आणि इथेच सगळ्यात अवघड प्रश्न येतो. नव्या प्रजातीचा दावा सहसा एखाद्या जतन केलेल्या नमुन्यावर उभा असतो, आणि त्यासाठी बहुतेक वेळा जिवंत साप मारावा लागतो. ज्याला वाचवायचं, त्यालाच मारायचं? फोटो चालणार नाही का? आपल्या सगळ्यांच्या खिशात कॅमेरा आहे. पण फोटोत जे टिपलंय तेवढंच दिसतं. पुढच्या माणसाला भलताच प्रश्न पडला, तर उत्तर शोधायला शरीर लागतं. उद्या कुणी या चौघांनाही चूक ठरवू शकेल, तर ते जपून ठेवलेल्या सापांकडे पुन्हा पाहूनच.

म्हणून मी मोजके नमुने घेण्याच्या बाजूचा आहे, पण दोन अटींवर. आधीच्या संग्रहातून उत्तर मिळत असेल तर नवा साप मारू नये. आणि मारलाच, तर त्या नावाचा उपयोग त्याच्या मागे राहिलेल्यांना झाला पाहिजे. नाव देऊन शोधनिबंध छापला आणि त्याच डोंगरावर जेसीबी चढला, तर आपण त्या सापाकडून फक्त घेतलं. नाव दिल्यावर 'आम्हाला माहीत नव्हतं' असं म्हणायची सोय उरत नाही. नावाची खरी किंमत तीच आहे, आणि ती सापानं नाही, आपण चुकवायची आहे.