नवी वाळू आणि जुनी वस्ती

प्रवाळांच्या खाऱ्या जलपात्रांत नवी शुभ्र वाळू घालावी कीं नाहीं, हा प्रश्न आम्हांस निव्वळ शोभेचा वाटत नाहीं. जुन्या मळकट वाळूंत असंख्य सूक्ष्म जंतु वसलेले असतात. माशांच्या उत्सर्गांतून निघणारा विषारी अमोनिया पालटून तेच त्याचें पुष्कळ सौम्य असें नायट्रेट करितात. खोल थर ढवळला, तर तेथें कोंडलेला हायड्रोजन सल्फाइड वायु सुटून मासे दगावण्याचा संभव. मग धन्यानें नेत्रसुखासाठीं ही वस्ती उठवावी काय? समुद्रांतही लाटा वाळू हलवितातच, हें उत्तर लंगडें आहे. तेथें पळावयास जागा असते, येथें भिंती आपणच घातल्या! वाळू घालणेंच झालें, तर ती धुवून, नळीनें तळाशीं, थोडी थोडी सोडावी व दर खेपेनंतर पाणी तपासावें. तोंवर पाहुण्यांस तळ अर्धा मळका दिसला तर खुशाल दिसो.