मौन धरणें हा दोष आहे काय?

राज्यसत्ता सत्य बोलूं देत नाहीं, तेव्हां गप्प राहणारा मनुष्य दोषी ठरतो काय? हा प्रश्न आमच्या वाचकांनीं विचारांत घेण्याजोगा आहे.

२५ जून १९७५ रोजीं देशांत आणीबाणी पुकारण्यांत आली; ती २१ मार्च १९७७ पर्यंत राहिली. वृत्तपत्रांवर सरकारी तपासणी बसली, आणि नाशिकरोडच्या तुरुंगांतहि राजबंदी आले. त्याच १९७५ सालीं कऱ्हाड येथें मराठी साहित्य संमेलन भरलें. अध्यक्षा दुर्गाबाई भागवत. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, ज्यांस नाशिककरांनीं पूर्वीं लोकसभेवर बिनविरोध धाडिलें होतें व जे त्या वेळीं परराष्ट्रमंत्री होते. दुर्गाबाईंनीं लेखनस्वातंत्र्याचा कैवार घेतला, आणि आजारी जयप्रकाश नारायण यांस आरोग्य लाभावें म्हणून सभेस प्रार्थना करावयास सांगितलें. १९७६ त त्यांस अटक झाली. यशवंतराव मंत्रिमंडळांतच राहिले.

रुमानियांत याहून फार कठोर राज्य होतें. तेथील माजी पंतप्रधान यूलिऊ मानिऊ १९५३ त सिगेतच्या तुरुंगांत वारले.

आम्हांस वाटतें कीं भय हें पाप नव्हे. ज्याच्या घरीं लेंकरें आहेत तो खेडूत गप्प बसला, तर त्यास कोणीं धोंडा मारूं नये. परंतु ज्याच्या हातीं अधिकार आहे त्याच्या मौनाचा हिशेब निराळा. कारण त्या मौनाच्या आडोशानें अन्याय चालतो. लहानांसहि एक मर्यादा आहेच: खोट्याची स्तुति करूं नये, व बंदिवानाच्या घरचा उंबरा टाळूं नये. दुर्गाबाईंनीं सभेपाशीं मागितलें तें काय? एका रोग्याचें आरोग्य. एवढें तर आमच्या लहानशा मंडळीसहि मागतां येईल.