बंदूक नेमकी कुठं असते?

बंदुकीचा कोणता भाग म्हणजे बंदूक? प्रश्न पोरकट वाटतो, पण कायद्याला उत्तर द्यावंच लागतं.

अमेरिकेनं १९६८च्या कायद्यात ठरवलं, की मधला सांगाडा म्हणजे बंदूक. नळी, दस्ता, मॅगझिन हे नुसते भाग. पुढे अर्धवट कोरलेले सांगाडे विकणारे निघाले. किती कोरल्यावर ठोकळ्याची बंदूक होते, या घासाघिशीवर २०२५मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाला निकाल द्यावा लागला!

आपला १९५९चा शस्त्र कायदा असल्या भानगडीत पडत नाही. सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंसुद्धा तो अग्निशस्त्रातच मोजतो. संजय दत्तच्या खटल्यात एके-५६ कापून नष्ट केलेली होती. हाती लागली ती एक स्प्रिंग आणि एक रॉड. शिक्षा काही तेवढ्यावर झाली नाही. कबुलीजबाब होते, एक पिस्तूलही होतं. पण रायफल तुकडे करून संपत नाही, हे २०१३मध्ये दोष कायम राहून पाच वर्षांची शिक्षा झाली तेव्हा दिसलंच.

'मिलिंदप्रश्ना'त नागसेन राजाला विचारतो, रथ म्हणजे काय? चाक? आस? जू? यातलं एकही नाही, तरी सगळं जुळलं की आपण त्याला रथ म्हणतो. मला हे पटतं. बंदुकीच्या बाबतीत मात्र भीती वाटते. कुठल्याच भागात बंदूक नसेल तर ती कुणीच बनवली नाही. एकानं नळी कातली, दुसऱ्यानं स्प्रिंग वळवली, तिसऱ्यानं पार्सल पोचवलं, आणि तिघांचेही हात स्वच्छ.

उलट, प्रत्येक भाग बंदूक म्हटला तर आमच्या देवळ्यातला लेथवाला झोपणार कसा? दिवसभर तो ट्रॉलीचे, पंपाचे पार्ट कातत असतो. पात कापायचा विळा कायद्यानं सोडलाय, कारण तो फक्त शेतीसाठी घडवलेला. पाइपाला तसं कपाळ नसतं. म्हणून १९७२मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलं, की ताबा जाणीवपूर्वक हवा. म्हणजे बंदूक शोधायला शेवटी माणसाला काय ठाऊक होतं, तिथंच जावं लागतं. मग ठाऊकच करून घ्यायचं नाही, ही पळवाट उरते. ती मला सगळ्यात घाणेरडी वाटते.

ओळखीच्या एका लेथवाल्या काकांना विचारलं. म्हणाले, "नमुना न आणता नुसतं माप घेऊन कुणी आलं, की मी विचारतो, कशाला लागतंय भाऊ?"

"आणि सांगितलं नाही तर?"

"तर जातो तो पुढच्या दुकानात. तिथं विचारत नाहीत."